खालच्या कपाटातलं माहेर

"मीठ पाण्यात घालायचं, पाणी मिठात नाही. आणि नुसतं काचेत बघत बसू नका, खालचं कपाट उघडून बघत जा."

हे भाऊजींचे शब्द. भाऊजी म्हणजे माझ्या नवऱ्याचे थोरले बंधू. त्यांना जाऊन दोन वर्षं झाली, पण त्यांचा आवाज अजून कानात तसाच आहे, शांत आणि थोडा खरखरीत. त्यांच्या बैठकीच्या खोलीत खाऱ्या पाण्याची मोठी टाकी होती. आत खडक, त्यांवर हळूहळू वाढणारी प्रवाळं, आणि दोन नारिंगी मासे, अंगावर पांढरे पट्टे असलेले. मासे चौदा वर्षांचे होते. जाऊबाई त्यांना 'मंडळी' म्हणत. मादी मोठी, नर लहान. मादी पुढे आणि नर तिच्या मागे मागे, ती वळली की हा वळणार. भाऊजी म्हणायचे, या जातीत घर बाईच चालवते. मी म्हणायचे, निसर्गाने सगळीकडेच चूक केलेली नाही म्हणायची.

आता जाऊबाई लेकीकडे राहायला जाणार होत्या. लेक चौथ्या मजल्यावर, जागा लहान, आणि पाण्याने भरलेल्या टाकीचं वजन एखाद्या गाडीएवढं. मंडळींना तिथे जागा नव्हती. घर नव्या मालकाच्या ताब्यात द्यायला दोन महिने होते.

"वहिनी, काळजीच सोडा," माझ्या नवऱ्याने सगळ्यांसमोर जाहीर केलं. "मंडळी माझ्याकडे येतील. दोन महिन्यांत अशी टाकी उभी करतो की दादाची विसराल."

विधवेला नवऱ्याची आठवण विसरायला लावण्याचं आश्वासन द्यायला खास माणूस लागतो. तो माझ्या घरी आहे.

मी कप विसळायला स्वयंपाकघरात गेले तशा जाऊबाई मागोमाग आल्या.

"त्याचं राहू दे. तू सांग," त्या म्हणाल्या. "दुकानात नाही ना जाणार ते? दुकानवाला चार दिवसांत विकेल. दोघांना वेगळं करून विकेल."

"नाही जाणार, ताई."

"शब्द?"

"शब्द," मी म्हटलं. आणि शब्द या वस्तूबाबत मी जरा जुन्या वळणाची आहे.

माझी रोजची व्रतं तीन. पहाटे पाच ते सहा मौन. निजताना देवापुढच्या दिव्याखेरीज घरात दुसरा उजेड राहू द्यायचा नाही. आणि सकाळचा पहिला घास घेण्याआधी आदल्या दिवशीची आपली एक चूक कबूल करायची, तीही ज्याच्या बाबतीत केली त्याला, तोंडावर, आणि पुढे 'पण' न जोडता. तिसरं व्रत ऐकायला कठीण वाटतं. तीस वर्षं मी ते विनासायास पाळलं आहे, कारण माझ्या चुका फार सोयीच्या असतात. 'काल तुमचा चहा गार झाला', 'काल तुमचा एक मोजा हरवला'. एवढं सांगायचं आणि जेवायला मोकळं.

नवरा एका कारखान्याच्या भांडारात पस्तीस वर्षं प्रमुख होता. स्क्रू, नट, पट्टे, तेल, प्रत्येक वस्तूला त्याने सांकेतिक क्रमांक दिलेला. निवृत्त झाल्यावर कारखाना सुटला, क्रमांक सुटले नाहीत. पट्ट्या छापायचं एक छोटं यंत्र त्याने घरी आणलं. आमच्या घरात साखर 'क-२' आहे आणि गच्चीची किल्ली 'ल-७'. एकदा मी विचारलं, अहो, डब्यावर 'साखर' लिहिलं तर काय बिघडेल? तो म्हणाला, "अगं, मग कुणालाही कळेल."

टाकी आली. पंप, नळ्या, मिठाची मोठी गोणी, क्षार काढलेल्या पाण्याचे कॅन, सगळं आलं. पहिल्याच दिवशी त्याने कोरड्या टबात अख्खी गोणी ओतली आणि वरून पाणी सोडलं. दोन तासांत टबात भिंतीला द्यायचा चुना तयार झाला.

"भाऊजी म्हणायचे, मीठ पाण्यात..." मी सुरुवात केली.

"मिठातच खोट आहे," तो म्हणाला.

नाचता येईना अंगण वाकडं, ही म्हण ज्या बाईने केली तिचाही नवरा निवृत्त असावा. दुसरी गोणी आली. ती मात्र पाण्यात गेली. कुणी सांगितलं म्हणून नव्हे, त्याला 'स्वतःला सुचलं' म्हणून.

मग दगडांचा प्रश्न. जाऊबाईंचा फोन आला. "अरे, ह्यांच्या टाकीतले चार-पाच दगड घेऊन जा आधी. जिवंत आहेत ते. घाण खाणारे सूक्ष्म जंतू त्यांच्यात भरलेले असतात, तुझं पाणी लवकर तयार होईल."

"नको वहिनी, जुनंपानं नको. आपण सगळं कोरं करू."

दुकानातून कोरे दगड आले, पांढरेशुभ्र, हाडांसारखे. त्यांच्यात जिवंत असं काही नव्हतं, पण दिसायला स्वच्छ होते. आमच्या घरात एवढं पुरतं.

आता त्या खालच्या कपाटाविषयी सांगायला हवं. टाकीतलं पाणी एका नळीने खालच्या कपाटात उतरतं, तिथल्या काचेच्या पेटीतून फिरतं आणि पंपाने पुन्हा वर चढतं. या पेटीत मधे एक कप्पा असतो, त्याला रेफ्युजियम म्हणतात. त्यात थोडी वाळू आणि भांडी घासायच्या हिरव्या घासणीसारखा दिसणारा शेवाळाचा गुंता. शेवाळ पाण्यातली घाण खाऊन वाढतं, आणि त्याच्या आडोशाला डोळ्यांना जेमतेम दिसणारे जीव पैदा होतात. मासे तिथे पोचू शकत नाहीत. भाऊजी त्याला माहेर म्हणायचे. "लेकी इथे निवांत खातात, पितात, वाढतात," ते सांगायचे. "मग एक दिवस पंपातून वर सासरी जातात."

"आणि तिथे?" मी विचारलं होतं.

"तिथे मासे त्यांना खातात," भाऊजी म्हणाले, आणि जाऊबाईंकडे बघून गप्प झाले. जाऊबाई मात्र हसत सुटल्या होत्या.

आमच्याकडे माहेर चौथ्या आठवड्यात वसलं. दुकानदाराने शेवाळाची पिशवी दिली, नवऱ्याने कपाटात एक गुलाबी दिवा बसवला आणि कपाटामागच्या भिंतीवरच्या बटणांना पट्ट्या लावल्या. पंपांना 'र-१' आणि 'र-२', त्यांवर लाल चिकटपट्टी, हात लावू नये म्हणून. दिवा नंतर आला, तोवर लाल पट्टी संपली होती. त्याला नुसतंच 'र-३'.

रोज परीक्षा सुरू झाली. काचेच्या नळीत टाकीचं पाणी घ्यायचं, त्यात एका बाटलीतले थेंब टाकायचे आणि पाच मिनिटांनी रंग बघायचा. पिवळा म्हणजे पाणी ठीक. हिरवा म्हणजे पाण्यात अमोनिया आहे आणि त्यात मासा सोडला तर मेला. रंग पिवळा झाल्याशिवाय मंडळींना आणता येत नव्हतं. साऱ्या घराचं भवितव्य त्या नळीत होतं आणि नळी नवऱ्याच्या हातात.

त्याची परीक्षेची वेळ पहाटे साडेपाच. म्हणजे माझ्या मौनाची ऐन मध्यावरची.

"हा पिवळाच आहे ना?" खिडकीशी नळी धरून तो विचारायचा.

नळी ताज्या गवतासारखी हिरवी.

मी गप्प.

"बघ, तुलाही पिवळाच वाटतोय."

सहा वाजता मी बोलायला मोकळी व्हायचे, तोवर वहीत 'पिवळसर' अशी नोंद झालेली असायची आणि खाली साक्षीदार म्हणून माझं नातं लिहिलेलं, 'पत्नी'.

तरी पाचव्या आठवड्यात रंग खरोखरच फिकट होऊ लागला होता. मग तो थांबला, आणि सहाव्यात पुन्हा गडद व्हायला लागला. खालचं शेवाळ आधी पिवळं पडलं, मग पांढरं, मग त्याचा कुजून बुळबुळीत लगदा झाला. पाण्याला वास यायला लागला. सफाईला म्हणून आणलेल्या पाच गोगलगायी एकेक करून उलथ्या पडल्या.

"झोपल्यात," नवरा म्हणाला.

तिसऱ्या दिवशी त्याही मताला त्याने सोडचिठ्ठी दिली.

दुकानदार देवमाणूस. जावं तेव्हा त्याच्याकडे आपल्या दुःखावर एक बाटली तयार असायची. जिवंत जंतूंची बाटली, मेलेल्या जंतूंची ताकद वाढवायची बाटली, आणि एक अशी, जिच्यात काय आहे ते त्यालाही ठाऊक नव्हतं. "ही टाकून बघा, साहेब. झाला तर फायदाच." नवऱ्याने तिघींनाही क्रमांक दिले. पाणी हिरवंच राहिलं.

मी मात्र या काळात मनातून चांगलीच सुखावलेली होते. देवापुढे बसून खोटं लिहायचं नाही, म्हणून लिहिते. तोंडाने अवाक्षर काढत नव्हते, पण मनात रोज एक नवं वाक्य तयार. कोऱ्या दगडांवर एक, मिठावर एक, साक्षीदार पत्नीवर दोन. मवाळ बाईची जीभ आतल्या आत किती चालते ते देवच ऐकतो, आणि तोही बहुधा कंटाळला असावा.

आठव्या आठवड्याचा सोमवार उजाडला. शनिवारी घराचा ताबा द्यायचा होता. नळी हिरवी. नवरा वही मिटून बसला.

"दुकानदाराशी बोललो मी," तो माझ्याकडे न बघता म्हणाला. "मंडळींना ठेवून घेईन म्हणतोय."

"ठेवून घेईल म्हणजे?"

"ठेवून घेईल. त्याच्याकडे चांगल्या टाक्या आहेत."

"आणि विकेल."

"आता प्रत्येक गोष्टीचा असा वाईट अर्थ... अगं, इथे आणून मारण्यापेक्षा बरं ना?"

त्याचं बरोबर होतं, हेच मला सहन होईना. मी ताईंना शब्द दिला होता. शब्द माझा, टाकी त्याची, आणि पाणी कुणाचंच ऐकत नव्हतं. त्या दिवशी तीन वेळा फोन हातात घेतला आणि तीन वेळा ठेवला.

संध्याकाळी जाऊबाईंचाच फोन आला. आवाजात खोक्यांची धूळ होती.

"कपाटं रिकामी झाली बघ," त्या म्हणाल्या. "आता टाकीच राहिलीय. मोठी सारखी काचेशी येऊन बघते. तिला कळलंय काहीतरी. पाणी काय म्हणतंय तुमचं?"

"हिरवं आहे अजून, ताई."

"अजून? आणि खालचं शेवाळ?"

"ते कुजलं. पांढरं पडलं सगळं."



"खालचा दिवा रात्री लागतो ना नीट?"

"रात्री?"

"अगं, रात्रीच. वर दिवस तेव्हा खाली रात्र, वर रात्र तेव्हा खाली दिवस. ह्यांचा दिवा एकदा बिघडला होता, पंधरा दिवस कुणाला पत्ता नाही. अस्संच झालं होतं. उजेड नाही तर शेवाळ मरतं, आणि मेलं की जेवढं साफ केलं तेवढं सगळं पाण्यात ओकतं."

मी काहीतरी बोलून फोन ठेवला. मग कपाटापाशी गेले आणि भिंतीवरच्या बटणांकडे बघत उभी राहिले.

'र-३'.

चार आठवडे, रोज, निजण्यापूर्वी मी घरभर फिरत होते. जिन्यातला दिवा, मोरीतला, बाहेरचा. आणि कपाटाच्या फटीतून येणारा तो गुलाबी उजेड. 'बाई, हे विसरले वाटतं,' असं म्हणून, पुण्य लागल्यासारखं, मी र-३ बंद करत होते. सकाळी सहाला मौन सुटलं की दिवसाची सगळी बटणं पुन्हा चालू करायची माझी सवय. पण त्या दिव्याला नवऱ्याने वेळेचं यंत्र लावलं होतं, रात्री नऊ ते पहाटे पाच. म्हणजे दिवा लागायचा, मी तो अर्ध्या तासात मालवायचे, आणि बटण पुन्हा चालू करायचे तेव्हा त्याची वेळ संपलेली असायची. नवऱ्याने दिवसा कपाट उघडावं तर बटण चालू, दिवा बंद, सगळं ठरल्याप्रमाणे. चोराने कुलूप पुन्हा लावून किल्ली जागेवर ठेवावी, इतकं व्यवस्थित काम मी महिनाभर केलं होतं. तेही देवाचं नाव घेत.

दुसऱ्यांची चूक वाकून बघण्यात आठ आठवडे गेले, आणि आपली झाकलेली कपाटात कुजत होती. भाऊजींनी सांगितलं होतं, खालचं कपाट बघत जा. ते मी नवऱ्याला उद्देशून होतं असं समजले.

त्या रात्री घरात दोन उजेड राहिले, एक देवापुढे आणि एक कपाटात. दुसरं व्रत मोडलं. देवाने तक्रार केली नाही.

पहाटे मौनात बसले. साडेपाचला नळी आली.

"आज थोडा कमी हिरवा वाटतो," नवरा म्हणाला. चेहरा रात्रभर न झोपलेल्या माणसाचा. "वाटतो ना?"

एरवी मी मनात एखादं वाक्य तयार केलं असतं. त्या दिवशी एकही आलं नाही. तो तसाच नळी धरून उभा राहिला, मग आपणहून म्हणाला, "नाही. तेवढाच आहे," आणि वहीत 'हिरवा' असं लिहिलं. आठ आठवड्यांतली पहिली खरी नोंद.

सहा वाजले. चहा झाला. त्याने पाव माझ्यापुढे सरकवला, मी हात लावला नाही.

"बोल. काय हरवलं काल?" तो म्हणाला. "मोजा?"

"शेवाळ मी मारलं."

"काय?"

"तुमचा र-३. मी रोज निजताना बंद करत होते. पहिल्या दिवसापासून."

त्याने कप खाली ठेवला. मग त्याच्या चेहऱ्यावर जे उमटू लागलं तो राग नव्हता. मला वाटलं रडतोय, पण तो निखळ आनंद होता.

"म्हणजे माझ्या टाकीत खोट नव्हती!"

"नव्हती."

"माझ्यातही नव्हती!"

"तुमच्यात आहेत. त्या वेगळ्या."

"आणि मी त्या बिचाऱ्या दुकानदाराला..." तो थांबला. "नाही, त्याला बोललो ते बरोबरच होतं."

आता माझ्या जिभेच्या टोकावर 'पण' येऊन बसला होता. पण पट्टीवर 'रात्रीचा दिवा' लिहिलं असतं तर? पण एकदा तोंडाने सांगितलं असतं तर? व्रताप्रमाणे तो गिळायचा असतो. तीस वर्षांत पहिल्यांदाच गिळण्याजोगा 'पण' मिळाला होता. उपाशीपोटी तो फार जड गेला.

नवरा उठला. खणातून पट्ट्यांचं यंत्र काढलं, बराच वेळ त्याची बटणं दाबत बसला आणि एक लांबलचक पट्टी बाहेर आली. ती त्याने र-३ वर चिकटवली. मी जाऊन वाचली. 'हा रात्रीचा दिवा आहे. रात्री चालू ठेवावा.'

"आता कुणालाही कळेल," मी म्हटलं.

"कळू दे," तो म्हणाला. मग हळूच, "वहिनींना काय सांगायचं?"

"मी सांगते."

"फोन लाव मग."

"फोनवर नाही. तोंडावर सांगायचं असतं. त्यांच्या बाबतीतही चूक केलीय मी."

"आणि मासे?"

"दगड मागते. त्यांनी आधीच देऊ केले होते. दगड, तिथलं शेवाळ, थोडी वाळू, सगळं ओलं आणायचं. हे कुजलेलं काढून टाकू, पाणी बदलू. बाकीचे दगड आणि मंडळी शनिवारी, अगदी शेवटी."

"जमेल?"

"भाऊजींनी एकदा टाकी बदलली होती तेव्हा असंच केलं होतं. ताई सांगतील."

काखेत कळसा असताना आम्ही गावाला वळसा घातला होता, तोही आठ आठवड्यांचा. हे वाक्य मात्र मी मनातच ठेवलं, कारण वळशाचा अर्धा भाग माझाही होता.

नवरा खुर्चीत चुळबुळला. "जुनंपानं नको म्हणालो होतो मी त्यांना."

"हो."

"ते तू सांगू नकोस. ते मी सांगेन." आणि थोड्या वेळाने, "शनिवारी. सगळे असतील, तेव्हाच सांगेन."

सगळ्यांसमोर जाहीर करायची त्याची खोड आहे. या एका वेळी तरी ती उपयोगाला येईल असं दिसत होतं.

मी पांढरी झाकणाची बादली घेतली, मीठ कालवायची, आणि आतून तीन वेळा धुतली. साबण लावला नाही, भाऊजी सांगायचे ते आठवून. नवऱ्याने दारापाशी मला थांबवलं, बादलीच्या बाजूला एक पट्टी चिकटवली आणि आत निघून गेला. 'दादाचं पाणी', असं लिहिलं होतं. क्रमांक नव्हता.

"चहा तरी घेऊन जा," तो आतून ओरडला.

"आल्यावर," मी म्हटलं. पहिला घास अजून माझा नव्हता.

ताईंचं घर चालत पंचवीस मिनिटांवर. रस्त्यावर दुकानांची दारं उघडत होती. बादलीचं झाकण सैल होतं, पावलागणिक खडखडत होतं. मी ते तळहाताने दाबून धरलं आणि चालू लागले.